चौथ्या प्रश्नाचे गुण

आमच्या घरात राज्यशास्त्रातला एकही विचारवंत स्वतःच्या नावाने राहिला नाही. मी त्यांना कॉलेजातून घरी आणायचो आणि इंदू, माझी पत्नी, त्यांना घरचे नाव ठेवायची. म्हणून या लेखात मी कुणाचेच पुस्तकी नाव घेणार नाही. ती नावे ज्यांना हवी असतील त्यांच्यासाठी ग्रंथालये आहेत. इंदूला जाऊन आठ महिने झाले. संपादकांनी ‘तुमच्या अध्यापनाविषयी लिहा’ असे कळवले तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. मग वाटले, तिने ठेवलेली नावे कुठेतरी लिहून ठेवायला हवीत.

मी वडूजला एकतीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले. या विषयाच्या माणसाला लोक ज्योतिषी समजतात. एसटी स्टँडजवळ मी ज्यांच्याकडे केस कापायचो ते गृहस्थ दर निवडणुकीला कात्री थांबवून विचारायचे, “सर, यंदा कोण येनार?”

“मला काय ठाऊक?”

“आवं, मग पोरास्नी शिकवताय काय?”

प्रश्न वाजवी होता. माझ्याकडे राजकीय विचारांचा पेपर असायचा. त्यात निवडणूक नसते. माणसाने दुसऱ्या माणसाचे ऐकावे ते का, आणि कुठवर, हा एकच प्रश्न त्यात वेगवेगळ्या काळातली माणसे विचारतात आणि एकमेकांशी न पटणारी उत्तरे देतात. कुणी म्हणतो भीतीपोटी ऐकावे. कुणी म्हणतो फायद्यासाठी. कुणी म्हणतो, आपणच आपल्याला घालून घेतलेला नियम आहे म्हणून. एवढाच माझा धंदा. खटाव तालुक्यातल्या कोरडवाहू गावांतून पहिल्या एसटीने येणाऱ्या मुलांपुढे मी ही भांडणे मांडायचो.

अडचण नावांची होती. मुले नावे, जन्मसाल, ग्रंथ असे सगळे पाठ करायची आणि पेपरात एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडी घालायची. जन्मसाल बरोबर, माणूस चुकलेला. उत्तरपत्रिका तपासताना मला परक्या गावात चुकीच्या घरी नेऊन सोडल्यासारखे व्हायचे.

मला दुसऱ्या दिवशीचा तास आदल्या संध्याकाळी मोठ्याने वाचायची सवय होती. इंदूचे माहेर तासगाव. तिकडून बेदाणे यायचे आणि ती त्यांचे देठ काढत समोर बसायची. शिक्षण दहावीपर्यंत झालेले. एकदा मी वाचत होतो: शासनच नसेल तर प्रत्येक माणूस प्रत्येकाचा वैरी होईल, म्हणून सगळी सत्ता एकाच्या हाती देऊन टाकावी, असे यादवीच्या काळात जगलेला हा इंग्रज विचारवंत म्हणतो.

इंदू म्हणाली, “फार भ्यालेला दिसतोय हो. दाराला दोन कड्या लावून झोपत असेल.”

दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या तोंडून गेले, “हा दोन कड्यावाला.” मुले हसली. त्या वर्षी त्याच्यावरचे उत्तर कुणाचेही चुकले नाही.

मग एकेकाला नाव मिळत गेले. जमिनीत मी माझे कष्ट मिसळले म्हणून ती माझी, आणि राज्य आहे ते तिच्या राखणीसाठी. राखणारा स्वतःच बांध कोरायला लागला तर त्याला काढून टाका, असे म्हणणारा तो ‘बांधवाला’. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख मोजायला सांगणारा ‘तराजूवाला’. सगळ्यांची मिळून एकच इच्छा असते आणि ज्याला ती पटत नाही त्यालाही आतून ती पटलेलीच असते, असे मानणाऱ्याला इंदूने ‘गावजेवणवाला’ केले. “गावजेवणात आचारी असंच सांगतो,” ती म्हणाली. “मीठ बरोबर आहे, तुमच्याच जिभेला कळत नाही.” त्यावर मी एक अख्खा तास घेतला.

परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र मी फळ्यावर दोन रकाने काढायचो. डावीकडे आमची नावे, उजवीकडे खरी. “ही वर्गापुरती. पेपरात खरी लिहायची.” दर वर्षी हे न चुकता सांगायचो. माझी चूक झाली ती याच ठिकाणी.

रेहाना नदाफ वर्गात नव्हती. ती बहिःस्थ विद्यार्थिनी होती, म्हणजे घरी अभ्यास करून नुसती परीक्षेला बसणारी. वय तिशी ओलांडलेले. सासरी गाद्या भरण्याचे काम चाले आणि ती शेजारच्या गावात अंगणवाडी सेविका होती. पर्यवेक्षिका व्हायचे तर पदवी हवी. तिचा एकच पेपर राहिला होता, माझा, आणि त्यात ती दोनदा नापास झाली होती. पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम बदलणार होता. जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना ती शेवटची संधी होती. हुकली असती तर तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि घरातून पुन्हा परवानगी मिळेल असे तिला वाटत नव्हते. ती रविवारी दुपारी आमच्याकडे यायची. इंदू तिला आधी जेवायला वाढायची, मग माझ्या ताब्यात द्यायची.

पेपर झाला त्याच संध्याकाळी ती चपला काढता काढता बोलायला लागली. “सर, लय झ्याक गेला! समदे आपलेच आले.”

“कोण कोण?”

“दोन कड्यावाला आला, बांधवाला आला, तराजूवाला आला. पानंच्या पानं लिवली. पुरवणी घेतली, सर, जल्मात पैल्यांदा.”

“आणि नावे काय लिहिलीस?”

“तीच की.”

ती इतकी आनंदात होती की मी फक्त ‘छान’ म्हणालो. ती गेल्यावर इंदू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“तुम्ही तिला खरी नावं सांगितली नव्हती?”

“राहिलं.”

“म्हणजे माझी नावं लिहून आली पोरगी.” ती खाली बसली. “माझ्याच तोंडाला कड्या लावायला हव्या होत्या.”

त्या रात्री दोघेही नीट जेवलो नाही.

बाहेरच्यांसाठी थोडे सांगतो. उत्तरपत्रिका एका केंद्रावर जमा होतात. त्यांच्यावरचे नाव आणि क्रमांक झाकलेला असतो. तपासनीसांना गठ्ठे वाटतात, आणि त्यांनी दिलेले गुण वरचा एक अनुभवी प्राध्यापक पडताळतो. त्याला नियामक म्हणतात. कुणी विद्यार्थी ओळखू नये, कुणी कुणासाठी शब्द टाकू नये, कुठल्या प्रश्नाला किती गुण पडले हे बाहेर बोलू नये. हे नियम मी तोवर एकदाही मोडले नव्हते आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या वर्षी आमचे केंद्र सांगलीला होते. नियामक होत्या मगदूम मॅडम. सांगलीच्याच, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, जैन. कमी बोलणाऱ्या. त्यांच्या टेबलापाशी जाताना वयस्क प्राध्यापकही शर्ट नीट करायचे.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पलीकडच्या बाकावरचे जाधव सर मोठ्याने हसले. माणूस दिलदार, साताऱ्याचा. “ऐका, ऐका! ‘दोन कड्यावाल्याच्या मते माणूस मूळचा भित्रा आहे.’ आता हा कोण बाबा दोन कड्यावाला? आणि पुढे ऐका, ‘याउलट बांधवाला म्हणतो.’ अहो, ही राज्यशास्त्राची उत्तरपत्रिका आहे का तलाठी कार्यालयाची?”

हॉलमधले सगळे हसले. मी मान खाली घालून समोरच्या उत्तरपत्रिकेवर बरोबरच्या खुणा करत राहिलो. चहा आला. जाधव सरांनी चहाबरोबर तराजूवालाही वाचून दाखवला. पुन्हा हशा. मी तेव्हाही गप्प होतो. आयुष्यभर ज्यांनी सत्तेपुढे खरे बोलावे असे सांगितले अशा माणसांवर मी पोट भरले, आणि एका चहाच्या वेळेत मला तोंड उघडता आले नाही. ही गोष्ट मला इथे लिहितानाही जड जाते.

जाधव सरांनी लाल पेन उचलले तेव्हा मात्र मी उठलो.

“सर, ती नावे माझ्या वर्गातली आहेत.”

जाधव सर पटकन म्हणाले, “अहो, मग आधी बोलायचं नाही का? मी उगीच हसलो.” आणि पेनाला टोपण घालून त्यांनी उत्तरपत्रिका मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मॅडमनी सगळे ऐकून घेतले. “सर, तुम्ही उत्तरपत्रिका ओळखलीत. आता तिला हात लावायचा नाही.”

“नाही लावत.”

“विद्यार्थी कोण, तेही मला सांगायचं नाही. पण तुम्ही शिकवलं काय, हे मी विचारू शकते. एका कागदावर लिहा. इकडे तुमची नावं, तिकडे खरी. खाली सही.”

मी फळ्यावर काढायचो तसे दोन रकाने कागदावर काढले आणि सही केली. मॅडम तो कागद शेजारी ठेवून वाचू लागल्या. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. चौथ्यावर त्या थांबल्या.

“पाठमोरा कोण? तुमच्या कागदावर नाही.”

“पाठमोरा?”

त्यांनी पान न देता वाचून दाखवले. “‘समाजाचे नियम ठरवताना प्रत्येकाने पाठमोरे उभे राहावे, असे पाठमोरा म्हणतो. आपल्याला कोणता वाटा येणार हे ज्याला माहीत नसते तोच सगळे वाटे सारखे पाडतो. मी बाई होईन का पुरुष, धडधाकट का पांगळी, गावात का वस्तीवर, हे माहीत नसताना केलेला नियम न्यायाचा.’”

विचार मी लगेच ओळखला. न्यायावरचा आधुनिक सिद्धान्त. आमच्या पुस्तकांत त्याला अज्ञानाचा पडदा म्हणतात: पडद्याआड बसून, स्वतःची जात, ऐपत, अक्कल काहीही ठाऊक नसताना नियम करा. पण हा भाग अवघड म्हणून मी रेहानाला सोडायला सांगितला होता. मी तो तिला शिकवलाच नव्हता.

“तुम्ही शिकवलंत?” मॅडमनी विचारले.

“नाही.”

“मग याच्यापुढे तुमची सही चालणार नाही.”

जाधव सर मागून म्हणाले, “कॉपी म्हणावं तर असलं कुठल्या गाइडात नाही, मॅडम. मी सगळी गाइडं बघून बसलोय.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हणालो, “घरी एक फोन करू का?”

मोबाइल आम्ही केंद्रावर जमा केलेले असायचे. ऑफिसातल्या फोनवरून मी घरचा नंबर फिरवला. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या फोनचा आवाज असा होता की पलीकडचे खोलीभर ऐकू जायचे.

“इंदू, पाठमोरा कोण गं?”

तिने हातातले भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “आला का तो पेपरात?”

“आला.”

“त्या रविवारी तुम्ही निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेला होता. एसटी चुकली म्हणून पोरगी उन्हातनं चालत आली होती. म्हटलं, तशीच कशाला माघारी पाठवायची? तुमची वही उघडली. त्यात पडदा, पडदा असं लिहिलेलं. तिला काही उमजेना. म्हणाली, ‘काकी, पडद्याआड आमी जल्मभर बसलो, कुटं न्याव मिळाला?’ मग मी आमच्या जत्रेतलं सांगितलं.” आणि एकदम तिचा आवाज बारीक झाला. “चुकलं का हो? नुकसान झालं का तिचं?”

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला.

“वहिनी, मी मगदूम बोलतेय. सरांच्या बरोबरची. जत्रेतलं काय ते मला सांगा.”

“तुम्हाला? अहो, ते मटणाचं आहे.”

“असू दे.”

“आमच्याकडं आठ-दहा घरं मिळून बकरं करतात. मग पळसाच्या पानांवर वाटे मांडायचे. एक जण भिंतीकडं तोंड करून उभा राहतो, पाठमोरा. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, ‘ह्यो कुणाचा?’ पाठमोरा कुणाचंही नाव घेतो. त्याला वाटा दिसत नाही. त्यामुळं वाटे पाडणाऱ्याला चांगली नळी आपल्याकडं ओढता येत नाही. कुठला वाटा आपल्याला येईल सांगता येत नाही ना.”

“नळी म्हणजे?”

“हाडातला गर, मॅडम.” इंदू ओशाळली होती.

मगदूम मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “आमच्या मळ्यात ओल्या शेंगांचे वाटे असेच पाडतात. बरं, आणि पाठमोऱ्याला कुणी हळूच खूण केली तर?”

“हेच तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, तिथं एखादी म्हातारी बसलेलीच असते. ती ओरडते, ‘मोडा सगळं, परत मांडा.’”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. “वहिनी, काही चुकलं नाही.” फोन खाली ठेवून त्या मला म्हणाल्या, “तोंडी परीक्षा घेतली. उत्तम आहेत.” मग माझा कागद पुढे ओढून त्यांनी नव्या ओळीत ‘पाठमोरा’ लिहिले, समोर त्या विचारवंताचे खरे नाव लिहिले आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: ‘शिकवणाऱ्या व्यक्तीकडे खात्री केली.’ त्यापुढे सही त्यांची होती.

मला त्यांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसवले. खरे नाव नाही म्हणून प्रत्येक उत्तराचे गुण कापायचे आणि युक्तिवाद बरोबर असेल तेवढे द्यायचे, असे त्यांनी ठरवले. संध्याकाळी मी पिशवी घ्यायला गेलो तेव्हा ती उत्तरपत्रिका टेबलावर होती. पहिल्या पानावर गुणांच्या चौकटी असतात. मी बघायला नको होते. बघितले. मी शिकवलेल्या तिन्ही प्रश्नांना बेताचे गुण होते. चौथ्याला सगळ्यांत जास्त.

परतीच्या एसटीत तासगावपर्यंत मी आनंदात होतो. त्यानंतर कुठेतरी मनात बारीक काहीतरी टोचायला लागले. मी रविवारमागून रविवार बसून शिकवले होते, आणि तिने एकच दुपार, तीही माझी वही उघडून. घरी पोचेपर्यंत तो आनंद उरला नव्हता.

इंदू दारातच होती. “पास होईल का?”

“बहुतेक.”

“चौथ्याला किती मिळाले?”

“सांगता येत नाही. नियम आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

रेहाना पास झाली. काठावर, पण झाली. तिने आणलेला पेढा इंदूने आधी देवापुढे ठेवला आणि मग निम्मा मला दिला. पुढच्या उन्हाळ्यात मी तपासणीला निघालो तेव्हा इंदूने डबा हातात देताना विचारले, “आता तरी सांगाल का, चौथ्याला किती ते?” मी म्हणालो, “नियम.” मग ते दर वर्षाचे झाले. डबा, प्रश्न, नियम. मी निवृत्त झालो, जायचे थांबले, तरी मधूनच कधीतरी भाजी निवडताना ती विचारायची. मी हसून तेच उत्तर द्यायचो. नियम होता हे खरे आहे. पण मी त्याच्या आड उभा होतो, हे मला तेव्हाही कळत होते. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते हे मोठ्याने म्हणावे लागले असते.

गेल्या हिवाळ्यात तिला मिरजेच्या दवाखान्यात ठेवले होते. दुपारी तिला झोप लागायची नाही. मी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. तीन आठवड्यांच्या सगळ्या दुपारी माझ्याकडे होत्या. तेव्हा तिने काही विचारले नाही, आणि मला आठवले नाही.

दिवसकार्य झाल्यावर रेहाना आली. आता ती पर्यवेक्षिका आहे, स्कूटरवरून पंधरा-वीस अंगणवाड्या फिरते. केस पांढरे व्हायला लागले आहेत. ती बराच वेळ इंदूच्या जागेवर, जमिनीवर बसून राहिली. मी तिला सगळे सांगितले. हॉलमधला हशा, फोन, चौकटी, चौथा प्रश्न, आणि मी इंदूला काय सांगितले नाही ते.

तिने डोळे पुसले. “सर, काकींस्नी ठावं हुतं.”

“कसे?”

“निकालानंतर त्यांनीच मला अर्ज करायला लावला. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळती न्हवं? म्हनल्या, ‘माझ्यामुळं तुझं किती गेलं ते बघू.’ तुमी कालिजात गेलावता तवा मी घिऊन आले. दोगींनी हितंच बसून बघितली. काकी त्या चौकटीवर बोट ठिवून लय येळ बसल्या. मग मला म्हनल्या, आता भजी करू या.”

विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका मागण्याचा हक्क असतो, हे मी दर वर्षी वर्गात सांगायचो.

“मग ती मला का विचारायची?”

“मी बी इचारलं हुतं त्यास्नी.” रेहाना रडता रडता हसली. “म्हनल्या, ‘तुझे सर नियमाचे लय पक्के. माझ्यापायी एकदा मोडतात का बघते. न्हाई मोडला, तर पुढच्या वर्षी परत इचारीन.’”

ती गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. इतकी वर्षे तिला आकडा नको होता. मी नियम मोडण्याची ती वाट बघत होती, आणि मी प्रत्येक वेळी नियम पाळला.

हे लिहायला मला दोन महिने लागले. रोज चार ओळी. आता शेवटची ओळ लिहितो. इंदू, पहिल्याला नऊ, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला नऊ. चौथ्याला चौदा.